कुंदाताईंचं डिपार्टमेंट

कुंदाताई खांबेटे शारजात फ्रेंच शिकवायच्या आणि फ्रान्स त्यांनी नकाशाखेरीज कुठेही पाहिला नव्हता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्यांचा विषय निघाला की कुणीतरी शहाणा हा मुद्दा काढतोच, आणि मग मला राग आवरत नाही. चंद्रावर न जाता लोक चंद्र शिकवतात की नाही? मग कुंदाताईंनीच कुणाचं घोडं मारलंय?

अल नहदात आमच्या बिल्डिंगा नव्या नव्या उभ्या राहिल्या तेव्हाची ही गोष्ट. सातव्या मजल्यावर आम्ही आणि समोरच्या दारात खांबेटे. दुबईची हद्द इतकी जवळ की बाल्कनीतून हात बाहेर काढला तर तो दुबईत जाईल, असं माझा नवरा प्रकाश पाहुण्यांना सांगायचा. हात गेला असता, गाडी मात्र जायची नाही. सकाळी सगळं शारजा दुबईला नोकरीला निघायचं, संध्याकाळी तेच सगळं शारजा परत यायचं, आणि दोन्ही वेळा ते माझ्या खिडकीखाली हॉर्न वाजवत उभं असायचं. भाडं कमी म्हणून शारजात राहायचं आणि अर्धं आयुष्य रस्त्यावर काढायचं, हा व्यवहार ज्यानं शोधून काढला त्याला मला एकदा भेटायचं आहे.

माझी मुग्धा सहावीत गेली तेव्हा शाळेनं विचारलं, हिंदी घेणार की फ्रेंच? "मम्मा, ऑल माय फ्रेंड्स आर टेकिंग फ्रेंच," मुग्धा म्हणाली. झालं. मी समोरचं दार वाजवलं. कुंदाताई विळीवर नारळ खवत होत्या आणि डायनिंग टेबलाशी बसून तीन मुली एका सुरात काहीतरी घोकत होत्या.

"बस हं जरा, मंजू. पोरींचं डिपार्टमेंट चाललंय."

"कुठलं?" मी विचारलं. "अकाउंट्स?"

यात माझी काही चूक नव्हती. आखातात माणूस आडनावाआधी डिपार्टमेंट सांगतो. अमका पर्चेसचा, तमका एस्टिमेशनचा. पण कुंदाताई इतक्या हसल्या की त्यांना विळी मिटून बाजूला ठेवावी लागली.

"अग, फ्रान्समध्ये जिल्ह्याला देपार्तमाँ म्हणतात. आपला जिल्हा, तसा त्यांचा देपार्तमाँ. तो आल्याशिवाय मी कुणाला पुढचं व्याकरण शिकवत नाही. माणूस कुठे राहतो आणि त्याच्यावर कोण साहेब आहे, हे कळलं नाही तर त्याची भाषा काय डोंबल कळणार?"

हे त्यांचं शास्त्र. प्रीफे म्हणजे कलेक्टर, वरून नेमलेला, बदलीवर येणारा नि बदलीवर जाणारा. सू-प्रीफे म्हणजे आपले प्रांत. कम्यून म्हणजे ग्रामपंचायत आणि मेर म्हणजे सरपंच. फरक एवढाच की मेर छातीवर तिरंगी पट्टा लावून गावातली लग्नं लावतो आणि आपला सरपंच लग्नात नुसता जेवतो. जिल्ह्यांना मुळाक्षरांप्रमाणे आकडे दिलेले आणि तेच आकडे मोटारींवर, आपल्या एमएचच्या आकड्यांसारखे. आणि हे जिल्हे पाडले तेव्हा म्हणे हिशोब असा केला होता की जिल्ह्यातल्या कुणालाही घोड्यावरून एका दिवसात मुख्य गावी पोचता यावं. "म्हणजे शारजा आणि दुबई एका जिल्ह्यात बसणार नाहीत," प्रकाश म्हणाला. घोडा नाही, टोयोटा होती त्याच्याकडे, तरी म्हणाला.

यात एक गंमत अशी झाली की आमच्या मुलांनी कलेक्टरही पाहिलेला नव्हता आणि सरपंचही. ती दुबईच्या हॉस्पिटलात जन्मलेली, उन्हाळ्यात महिनाभर मुंबईला आणि पुण्याला जाऊन मॉल बघून येणारी. त्यांना फ्रान्सचा जिल्हा समजावायचा तर आधी आपला जिल्हा समजावायला लागायचा. मुग्धानं एकदा जेवताना विचारलं, "बाबा, हू इज युअर प्रांत?" प्रकाशला घास गिळवेना. आमच्या मुलांना तालुका म्हणजे काय ते फ्रान्समुळे कळलं. हे मी चेष्टेनं म्हणत नाही.

कुंदाताई मूळच्या कोकणातल्या. पुण्याला मावशीकडे राहून त्यांनी फ्रेंच घेऊन बी.ए. केलं, मग वासुदेवरावांशी लग्न होऊन इकडे आल्या. वासुदेवराव एसीच्या कंत्राटी कंपनीत टेंडरं भरायचे आणि घरात फारसं बोलायचे नाहीत. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर ठरलेलं, "इन्शाल्ला." भाजी आणाल का? इन्शाल्ला. सुट्टी मिळेल का? इन्शाल्ला. एका इंडियन शाळेत कुंदाताई कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेवर चार महिन्यांसाठी शिकवायला गेल्या आणि नऊ वर्षं टेंपररी म्हणून तिथेच राहिल्या. त्या बाई काही परत आल्या नाहीत. संध्याकाळी घरी शिकवणी. बिल्डिंगीतली निम्मी मुलं त्यांना "मादाम" म्हणायची आणि निम्मी "आंटी", आणि त्या दोन्हींना ओ द्यायच्या.

त्यांचे उच्चार कॅसेटवरून घेतलेले. कॉलेजच्या दिवसांत कुणा बाईच्या आवाजातल्या त्या कॅसेट. कुंदाताई फ्रेंच बोलायला लागल्या की त्यांचा स्वतःचा आवाज जाऊन त्या बाईचा यायचा, बारीक आणि फार सभ्य. मी त्यांना चिडवायची, "आल्या कॅसेटबाई!" त्यांना राग यायचा नाही. मराठीत मात्र त्या खास गुहागरच्या होत्या, नाकात बोलणाऱ्या आणि मोठ्यानं बोलणाऱ्या.

दोन हजार एक सालच्या सुरुवातीला शाळेत नवीन प्रिन्सिपल आल्या आणि त्यांनी नवीन नियम आणला. भाषा शिकवणाऱ्या सगळ्यांनी त्या त्या भाषेचं शिक्षकाचं सर्टिफिकेट आणायचं. आणलं तर नोकरी पक्की. नाही तर एप्रिलपासून येऊ नका, खलास. फ्रेंचसाठी अबुधाबीतल्या एका संस्थेत परीक्षा द्यायची होती. लेखी परीक्षेत कुंदाताई सहज निघाल्या. उरली तोंडी, आणि ती घ्यायला खुद्द फ्रेंच माणूस बसणार होता.

तोंडीचा विषय आम्ही वाचला आणि मी टाळ्याच वाजवल्या. फ्रान्सचा कोणताही एक देपार्तमाँ निवडायचा आणि त्याचा भूगोल व कारभार परीक्षकाला सांगायचा. "कुंदाताई, हे तर तुमचं घरचं कार्य!" मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. गॅसवर चहा उकळत होता, तो त्यांनी उगाचच ढवळला.

"मंजू, तुला एक सांगू? मी आजवर ज्यांच्याशी फ्रेंच बोलले ते सगळे माझ्याकडूनच शिकलेत. खऱ्या फ्रेंच माणसाशी मी जन्मात बोलले नाही. त्याला माझं एक अक्षर कळलं नाही तर? मग मी इतकी वर्षं पोरांना शिकवलं ते काय होतं?"

मी म्हटलं, असं कसं होईल. पण मनातून मलाही धस्स झालं. कारण ते होऊ शकत होतं. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती, शिकवण्या होत्याच. पण हे गेलं असतं तर कुंदाताईंकडे दुसरं काय होतं? वासुदेवराव सोफ्यावरून म्हणाले, "होशील पास. इन्शाल्ला."

"इन्शाल्लानं उच्चार सुधारत नाहीत हो!" कुंदाताई ओरडल्या. इतक्या वर्षांत त्यांना नवऱ्यावर ओरडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी जिल्हा निवडला फिनिस्तेर. फ्रान्सच्या पश्चिमेचं अगदी शेवटचं टोक, नावाचा अर्थही तोच, जमीन संपते ती जागा. तीन बाजूंनी समुद्र, काळे खडक, दीपगृहं, मासेमारीची बंदरं. मुख्य गाव कँपेर, आणि सू-प्रीफे बसतात ब्रेस्त, शातोलँ आणि मॉर्लेला. तिथे कुट्टूच्या पिठाची पातळ घावनं करतात हे वाचल्यावर तर दुसरा जिल्हा निवडण्याचा प्रश्नच मिटला. महिनाभर आमच्या मजल्यावर फिनिस्तेरशिवाय दुसरं काही नव्हतं. कणीक मळताना फिनिस्तेर, लिफ्टची वाट बघताना फिनिस्तेर. प्रकाश आंघोळीला गेला की आतून "कँपेर, ब्रेस्त, शातोलँ, मॉर्ले" ऐकू यायचं, अभंगाच्या चालीवर.

परीक्षेच्या दिवशी वासुदेवरावांचं नेमकं टेंडर निघालं. मग मीच म्हटलं, मी नेते. मला लायसन्स पाचव्या खेपेला मिळालं होतं. ज्याला इथलं लायसन्स मिळालं त्याला जगात कशाचीच भीती उरत नाही. शारजातून बाहेर पडेपर्यंत मी सगळ्या ट्रकवाल्यांना मराठीत बोलून घेतलं आणि त्यानंतर रस्ता मोकळा मिळाला. जेबेल अलीपर्यंत कुंदाताई पुटपुटत होत्या. मी पाहिलं तर त्यांनी पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं होतं. त्या दिवशी मुद्दाम नारायणपेठ नेसल्या होत्या.

संस्थेत एका खोलीबाहेर खुर्च्या होत्या. दार अर्धवट काचेचं होतं आणि आतलं ऐकू येत होतं. आधीच्या उमेदवार बाहेर आल्या, लेबनीज बाई होत्या, डोळे पुसतच गेल्या. मग कुंदाताईंचं नाव पुकारलं. परीक्षकाचं नाव दारावर लिहिलेलं होतं, मस्य बूव्हिये, मस्य म्हणजे श्रीयुत. माझ्यापुरते ते बुवा झाले. पन्नाशीचे, टक्कल, भुवया जाड आणि चेहरा असा की याच माणसानं मघाच्या बाईंना रडवलं हे पटावं.

कुंदाताई बसल्या. बुवा कागदावरून नजर न उचलता, तोंडातल्या तोंडात, भराभर काहीतरी बोलले.

आणि कुंदाताई म्हणाल्या, "अँ?"

मला बाहेर ऐकू आलं. कॅसेटबाईंचा आवाज नव्हता तो. हा आपला अस्सल 'अँ?' होता, नाकातून निघालेला, ऐकू न आल्यावर गुहागरच्या माणसाच्या तोंडून आपोआप निघतो तो. मी कपाळाला हात लावला. संपलं, म्हटलं. महिनाभराच्या फिनिस्तेरवर एका अक्षरात पाणी.

पण आत बुवा ताडकन उभे राहिले. चष्मा काढला, हात पसरले आणि काहीतरी मोठ्यानं बोलायला लागले. रागावले म्हणावं तर चेहरा उजळलेला. लगबगीनं त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, पुन्हा बसले आणि दोन्ही कोपर टेबलावर टेकून कुंदाताईंकडे बघत राहिले, एखादं मूल जत्रेतल्या पाळण्याकडे बघतं तसे. मला काही म्हणजे काही कळेना.

झालं होतं असं. हे मला परत येताना गाडीत कळलं, पण इथेच सांगितलेलं बरं. बुवांनी विचारलं होतं, "बोला मादाम, कोणता देपार्तमाँ निवडलाय?" कुंदाताईंना त्या वेगात एक शब्द लागला नाही, म्हणून त्या "अँ?" म्हणाल्या. आणि फ्रान्समध्ये 'अँ' नावाचा एक जिल्हा आहे! नाकातून म्हणायचा, अगदी आपल्यासारखाच. यादीत पहिला, आकडा शून्य एक. नुसता आहे एवढंच नाही, तर बूव्हिये बुवा त्याच जिल्ह्यातले. आठवडाभर ते परीक्षा घेत होते आणि येणारा प्रत्येक जण पॅरिस नाही तर समुद्रकाठचे झगझगीत जिल्हे घेऊन येत होता. त्यांचा जिल्हा कधी कुणी निवडला नव्हता. फ्रान्समधलेसुद्धा तो नकाशावर चटकन दाखवू शकत नाहीत, असं ते म्हणाले. आणि इथे वाळवंटात, साडी नेसलेल्या एक बाई आल्या, बसल्या आणि पहिलाच शब्द बोलल्या तो त्यांच्या जिल्ह्याचा.

"मग चूक झाली म्हणून लगेच सांगायचं ना!" मी स्टिअरिंगवर हात आपटला.

"कसं सांगू, मंजू? तू त्यांचा चेहरा बघितला असतास तर तूसुद्धा सांगितलं नसतंस." त्या थोडं थांबल्या. "आपल्याला इथे कुणी विचारतं, कुठले? आपण म्हणतो इंडिया. फारच झालं तर बॉम्बे. संपलं. मागे गणपतीत एक गृहस्थ म्हणाले की त्यांची आत्या गुहागरला दिली होती, तर मी त्यांना तीन वेळा मोदक वाढले. तसा चेहरा होता ग तो. त्यावर पाणी कसं ओतायचं?"

कुंदाताई म्हणजे ह्या. नोकरी पणाला लागलेली आणि त्यांना काळजी परीक्षकाच्या मनाची.

'अँ'बद्दल त्यांना आकड्यापलीकडे काहीही ठाऊक नव्हतं. खोटं सांगणं जमणार नव्हतं. मग त्यांनी त्यांना जे येत होतं तेच केलं, शिकवणीत करतात तेच. त्यांनी प्रश्न विचारले. मस्य तिथलेच का? गावाचं नाव काय? गावाचा मेर कोण? कागदपत्रांसाठी कुठे जावं लागतं, मुख्य गावी की सू-प्रीफेकडे? कारभार त्यांना पाठ होता, त्यामुळे कुठे काय विचारायचं ते बरोबर कळत होतं. आणि बुवा सुटले. मुख्य गाव बूर्ग. तिथल्या सपाटीवरच्या कोंबड्या, पिसं पांढरी, तुरा लाल, पाय निळे, म्हणजे चालता-बोलता फ्रान्सचा झेंडा. त्यांचं गाव तळ्यांच्या मुलखात. शेकडो तळी, काही वर्षं तळ्यात मासे वाढवायचे, मग पाणी सोडून देऊन त्याच जमिनीत एक वर्ष पीक घ्यायचं. थंडीत तळं रिकामं करतात तेव्हा सगळं गाव काठावर जमतं. "आमच्या खाजणासारखं," कुंदाताई म्हणाल्या आणि खाजण म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली खारी जमीन, हे त्यांना फ्रेंचमध्ये सांगावं लागलं.

मग बुवा म्हणाले, त्यांचा भाऊ डोंगरापलीकडे जेक्सला राहतो, स्वित्झर्लंडच्या हद्दीला लागून. नोकरी जिनिव्हात, पण घर फ्रान्समध्ये, कारण तिकडे भाडी परवडत नाहीत. रोज सकाळी सगळं जेक्स जिनिव्हाला निघतं आणि नाक्यावर अडकून पडतं.

"मे से अल नहदा!" कुंदाताई ओरडल्या. हे तर अल नहदा! हे मी बाहेरूनही ऐकलं आणि मला वाटलं, बाईंना ताप चढला. आत दोघंही हसत होते. बुवा स्वतः अबुधाबीत राहत, पण त्यांनी तो ट्रॅफिक एकदा अनुभवला होता, आणि जो एकदा अनुभवतो तो विसरत नाही.

हसता हसता बुवांची नजर घड्याळावर गेली आणि ते थांबले. "पण मादाम, बोललो सगळं मीच."

तेव्हा कुंदाताईंनी सांगून टाकलं. मस्य, मी 'अँ' निवडला नव्हता. तो मराठी शब्द आहे. आमच्याकडे त्याचा अर्थ होतो, मला कळलं नाही, पुन्हा सांगा.

बुवांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. बुवांनी दोन-तीनदा स्वतःशीच "अँ? अँ?" असं म्हणून पाहिलं. मग चष्मा लावला आणि परत मघाचेच जाड भुवयांचे परीक्षक झाले. ते म्हणाले, आता फिनिस्तेर ऐकायला वेळ उरलेला नाही. आणि 'अँ'वर तर मादाम एक वाक्यही बोललेल्या नाहीत, गुण देऊ कशाला?

कुंदाताई म्हणाल्या, "खरं आहे." आणि पर्स उचलली.

"बसा," बुवा म्हणाले. "तुम्ही मला माझा जिल्हा विचारलात. तुमचा कोणता?"

हे कुठल्या वहीत नव्हतं, कुठल्या कॅसेटवर नव्हतं. कुंदाताई सांगतात, पहिलं वाक्य सुचायला फार वेळ लागला आणि नंतर थांबताच येईना. माझा देपार्तमाँ रत्नागिरी. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री, मधे आखूड नद्या आणि लांबच लांब खाड्या. आमचा प्रीफे रत्नागिरीला, सू-प्रीफे चिपळूणला. आणि माझे वडील तलाठी. तलाठ्याला फ्रेंच शब्द सापडेना, तेव्हा त्या म्हणाल्या, सरकारातला सगळ्यात शेवटचा माणूस, ज्याच्या पायाला चिखल लागतो तो.

त्यांनी मुक्ताबाईंची गोष्ट सांगितली. मुक्ताबाई त्यांच्या गावातल्या विधवा म्हातारी. नवऱ्याच्या जमिनीवर दिरानं त्यांचं नाव लागू दिलं नव्हतं. प्रांतांकडे अर्ज फेटाळला गेला. आता कलेक्टरकडे जायचं, तर तवसाळला होडीत बसून जयगडची खाडी ओलांडायची आणि पुढे एसटीनं रत्नागिरी. बाई आयुष्यात गावाबाहेर गेलेल्या नाहीत. वडील म्हणाले, चला, मी येतो. वडिलांबरोबर छोट्या कुंदाताईही निघाल्या. खाडीत वारा सुटलेला, होडी हेलकावे खातेय, मुक्ताबाई रडायला लागल्या की मला परत न्या, एवढ्या लांब माझं काय आहे? तेव्हा वडील म्हणाले, "मुक्ताबाई, परका मुलूख नव्हे हा. जिथवर आपलं गाऱ्हाणं पायी पोचतं, तिथवर आपलाच जिल्हा."

हे वाक्य कुंदाताईंनी आधी मराठीत म्हटलं. मग फ्रेंचमध्ये.

बुवांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "त्या बाईंचं काम झालं?"

"झालं. दुसऱ्या खेपेला."

"आम्हाला शाळेत घोड्याचा हिशोब शिकवला," बुवा म्हणाले. "गाऱ्हाण्याचा कुणी शिकवला नाही." उठून त्यांनी हात पुढे केला, कुंदाताईंनी नमस्कार केला, मग दोघांची अदलाबदल होऊन बुवांनी नमस्कार केला आणि कुंदाताईंनी हात पुढे केला. निकालाबद्दल अक्षर नाही.

गाडीत 'अँ'चा सगळा उलगडा होईपर्यंत मी दोनदा विचारलं (स्पेलिंग तेच, ए-आय-एन), "अल ऐन? अबुधाबीजवळचं, आपलं? तिथे कुठला फ्रेंच माणूस?" त्यांनी ते मला समजावलं आणि मग म्हणाल्या, "नोकरी गेली बहुतेक. फिनिस्तेर तसाच राहिला ग, मंजू." मी रेडिओ लावला आणि बंद केला. दुबईच्या अलीकडे त्या एकदम माझ्याकडे वळल्या. डोळे भरलेले.

"पण त्यांना कळत होतं. मी बोलत होते ते सगळं त्यांना कळत होतं. एकदाही 'पुन्हा सांगा' म्हणाले नाहीत."

मी गाडी बाजूला घेतली, कारण मलाही पुढचं नीट दिसेना.

निकाल यायला दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत वासुदेवरावांनी एकदाही 'इन्शाल्ला' म्हटलं नाही. रोज ऑफिसातून येताना बायकोसाठी काहीतरी आणायचे, कधी खजूर, कधी मोगऱ्याचा गजरा, आणि न बोलता टेबलावर ठेवायचे. माझ्या मनात त्या माणसाबद्दल जे काही होतं ते मी त्या पंधरवड्यात बदललं.

फोन आला तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात होते. कुंदाताई घावनं घालत होत्या. फोन स्पीकरवर टाकून त्यांनी तवा खाली उतरवला. प्रिन्सिपल मॅडम होत्या.

"मिसेस खांबेटे, काँग्रॅच्युलेशन्स. यू हॅव पास्ड. व्हेरी गुड मार्क्स. एप्रिलपासून तुम्ही परमनंट." मी तोंडावर हात दाबून धरला. "ओन्ली वन डाउट, मॅडम. रिपोर्टमध्ये एक्झामिनरने लिहिलंय, डिपार्टमेंट प्रेझेंटेड, रत्नागिरी. आमच्या जॉग्रफी टीचरने अ‍ॅटलास बघितला, त्यांना सापडत नाही. फ्रान्समध्ये हे एक्झॅक्टली कुठे येतं?"

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग आवाज खाकरून, अत्यंत सभ्यपणे, त्या म्हणाल्या, "वेस्ट कोस्टला, मॅडम."

"ओह, वेस्ट कोस्ट. गुड, गुड. मी सांगते त्यांना."

फोन बंद झाला. मला वाटलं आता आम्ही दोघी हसून हसून लोळणार. मी हसायला लागलेही होते. पण कुंदाताई ओट्याला टेकून उभ्या होत्या, पिठाचे हात तसेच पुढे धरलेले, आणि रडत होत्या.

"मंजू," त्या म्हणाल्या, "माझ्या बाबांचा जिल्हा पास झाला ग."